आठ महिन्यांचं बाळ, पसरणीचा घाट आणि फुगलेलं चिप्सचं पाकीट

डिसेंबरात महाबळेश्वरला जायचं ठरलं आणि घरात चर्चा सुरू झाली ती फक्त आमच्या आठ महिन्यांच्या लेकीची. आई म्हणाली कानात कापूस घाल, सासूबाई म्हणाल्या दोन स्वेटर कमीच पडतील, आणि नवऱ्याच्या मित्राने "अगं वर ऑक्सिजन कमी असतो ना" म्हणत सगळ्यांना घाबरवून सोडलं. मग मी बसले एकेक मुद्दा सोडवत.

आधी ऑक्सिजन. हवेतलं त्याचं प्रमाण पुण्यात काय, महाबळेश्वरला काय, एव्हरेस्टवर काय, 21 टक्केच. कमी होतो तो हवेचा दाब, त्यामुळे तेवढ्याच श्वासात ऑक्सिजन कमी येतो. महाबळेश्वर आहे साधारण 1,370 मीटरवर, तिथला दाब समुद्रसपाटीच्या 85 टक्क्यांच्या आसपास. आता गंमत बघा, विमानाच्या केबिनमधला दाब 2,400 मीटर उंचीवर असतो तितका खाली जाऊ शकतो, म्हणजे जे बाळ विमानातून आजोळी जाऊन आलंय ते महाबळेश्वरपेक्षा "वर" राहून आलेलं असू शकतं! उंचीचा त्रास सहसा 2,500 मीटरच्या पुढे सुरू होतो. लेह 3,500 मीटरवर, तिथे दाब जेमतेम दोन तृतीयांश उरतो, आणि बाळाला डोकं दुखतं हे सांगता येत नाही, ते फक्त किरकिर करणार, दूध सोडणार, झोपणार नाही, उलटी काढणार. आता हे सगळं तर ते घरीही करतंच की, मग ओळखायचं कसं? म्हणून लेह-लडाखचे रील्स बघून कितीही मोह झाला तरी माझं मत स्पष्ट आहे, लेहला जायचं ते बाळ मोठं झाल्यावरच. आणि बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल किंवा हृदय-फुफ्फुसाचं काही असेल तर महाबळेश्वरलाही डॉक्टरांना विचारूनच जा.

खरा त्रास घाटात होतो, आणि तो कानाचा. वाईहून पसरणीचा घाट चढताना मागच्या सीटवरचं चिप्सचं पाकीट टम्म फुगतं ना, तसंच काहीसं कानाच्या पडद्यामागे होत असतं. तिथली हवा घशाला जोडणाऱ्या बारीक नळीतून ये-जा करते. बाळाची ही नळी मोठ्यांच्या जवळपास निम्मी, अरुंद आणि बरीचशी आडवी असते. चढताना आतली हवा आपोआप बाहेर निसटते, पण उतरताना बाहेरचा दाब वाढतो, नळी आतल्या आत चिकटून बसते आणि पडदा आत ओढला जातो. म्हणून बाळं उतरताना जास्त रडतात. ती नळी उघडते गिळल्यावर. बस्स, इलाज एवढाच: गिळायला लावा. आईच्या कापसाचा याच्याशी काही संबंध नाही, दाब कापसातून आरामात जातो (थंड वाऱ्याला बरा असेल, पण बाळाच्या कानात काही कोंबूच नये). झोपेत बाळ कमी गिळतं, त्यामुळे उतरताना जागं असलेलं बरं. पण चालत्या गाडीत मांडीवर घेऊन पाजू नका हो, बाळ कार सीटमध्येच हवं, त्यापेक्षा घाटात सुरक्षित जागा बघून गाडी दोनदा थांबवा आणि पाजा. कार सीटमध्येही सलग दोन तासांच्या वर ठेवत नाहीत, मान पुढे पडली की श्वासाला अडचण होऊ शकते. पुणे-महाबळेश्वर 120 किलोमीटर, मोठी माणसं तीन तासांत जातात, आम्ही पाच लावले. वाईत जेवलो, कृष्णेच्या घाटावर बसलो, कुणाचं काही बिघडलं नाही.

मग थंडी. बाळाचं वजन कमी पण त्या मानाने कातडीचा पसारा मोठा, त्यामुळे उष्णता पटकन निघून जाते, आणि लहान बाळाला आपल्यासारखं नीट कुडकुडताही येत नाही. पाठीवर कॅरिअरमध्ये घेऊन पॉइंट बघत फिरलं की फसायला होतं, कारण चालून चालून आपल्याला घाम फुटलेला असतो आणि बाळ बिचारं नुसतं बसलेलं, पाय गार पडलेले. स्वतःवरून अंदाज करू नका, बाळाच्या मानेमागे हात घालून बघा. गार लागलं तर एक थर वाढवा, घाम असेल तर काढा.

हॉटेलची जागाही बघून घ्या. वेण्णा लेकच्या बाजूला हिमकण दिसल्याच्या बातम्या थंडीत येतात, आणि बाजारपेठेत मात्र तेवढं काही नसतं. का? तर निरभ्र रात्री जमीन उष्णता सोडून देते, तिला लागून असलेली हवा गार होते, गार हवा जड, ती पाण्यासारखी उतारावरून सखल भागात जाऊन साचते. तलाव खोलगटात आहे. व्ह्यू भारी असतो, मान्य, पण बाळ बरोबर असताना मी तरी गावातच राहीन.

जेवणाचं फार टेन्शन नको. पाणी तिथे 95-96 अंशांनाच उकळतं, म्हणून उघड्या पातेल्यात खिचडी शिजायला वेळ लागतो, कुकरमध्ये करून मागा.

पण एक गोष्ट मात्र कटाक्षाने, मध. महाबळेश्वरला आलं की मध आलाच, जवळचं मांघर तर 2022 मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. आणि आपल्याकडे बाळाला बोटाने मध चाटवायची हौस दांडगी. एक वर्षाच्या आत थेंबही नको. मधात बॉट्युलिझमच्या (अंग लुळं पाडणारी विषबाधा) जंतूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची सुप्त रूपं, असू शकतात, मोठ्यांच्या आतड्यातले बाकीचे जंतू त्यांना रुजू देत नाहीत, बाळाच्या आतड्यात ती फौज अजून तयार नसते, मग ते रुजतात आणि विष सोडतात. सुरुवात बद्धकोष्ठाने होते, मग रडणं क्षीण, अंग ढिलं. मध शुद्ध आहे की भेसळीचा याने फरक पडत नाही, आणि घरच्या उकळण्याने ते बीजाणू मरतही नाहीत. हे मी सासूबाईंना दुकानात उभं राहून समजावलं, दुकानदारानेही मान डोलावली, तेव्हा कुठे त्यांनी उघडलेलं झाकण परत लावलं.

परतीला घाटात दोनदा थांबलो, दोनदा पाजलं, लेक एकदाच रडली आणि तेही माकड दिसेनासं झालं म्हणून. वाईला उतरलो तर महाबळेश्वरला झाकण घट्ट लावून ठेवलेली पाण्याची रिकामी बाटली आत चेपलेली, आणि शेजारी सासूबाईंची मधाची बरणी, स्वतःसाठी घेतलेली.