मूव्हेबल टाइप ते वर्डप्रेस: सीएमएस बदलण्यामागचा इतिहास

संकेतस्थळ एका सीएमएसवरून (मजकूर लिहून प्रकाशित करण्याच्या प्रणालीवरून) दुसऱ्यावर न्यायचं ठरलं की चर्चा सुरू होते ती थीमची, प्लगइनची (जोडून घ्यायच्या जादा सोयींची) आणि खर्चाची. जुना मजकूर बाहेर कसा काढायचा आणि जुन्या लिंकांचं काय होणार, हे प्रश्न शेवटी आठवतात. खरं तर सगळं अडतं ते तिथेच, आणि हे २००४ पासून तसंच चालत आलं आहे.

बेन आणि मेना ट्रॉट या जोडप्याने ऑक्टोबर २००१ मध्ये ‘मूव्हेबल टाइप’ हे ब्लॉग चालवण्याचं सॉफ्टवेअर आणलं. पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली ही प्रणाली प्रत्येक लेखाचं एचटीएमएल पान आधीच बनवून सर्व्हरवर ठेवायची. पान झटकन उघडायचं, पण टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) एक ओळ बदलली तरी सगळी पानं ‘रीबिल्ड’ करत बसावं लागे. वैयक्तिक वापरासाठी ती फुकट होती. मुक्त स्रोत, म्हणजे कोड कुणालाही घेऊन बदलता आणि वाटता येईल अशी, मात्र नव्हती. या फरकाची फारशी कुणी फिकीर केली नव्हती.

मे २००४ मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि परवाना बदलला. फुकटात एक लेखक आणि तीन ब्लॉग, त्यापुढे पैसे. लोक भडकले. मार्क पिल्ग्रिम या प्रोग्रामरने हिशोब मांडला: त्याला ५३५ डॉलर पडणार होते. तेवढीच रक्कम त्याने वर्डप्रेस या दुसऱ्या ब्लॉग-प्रणालीच्या विकसकांना देणगी दिली आणि तो तिकडे गेला. वर्डप्रेसला तेव्हा जेमतेम वर्ष होत आलं होतं. मिशेल वाल्ड्रिगी याच्या ‘बी२’ या ब्लॉग-प्रणालीचं काम थंडावल्यावर मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी तोच कोड पुढे नेला होता, आणि जीपीएल या मुक्त स्रोत परवान्यामुळे तो त्यांना नेता आला. गोंधळ चालू असतानाच, २२ मे रोजी, प्लगइनची सोय असलेली १.२ आवृत्ती आली. माझ्या मते लोकांनी वर्डप्रेस निवडलं ते सोयींपेक्षा या परवान्याच्या भरवशावर.

हलणं शक्य झालं ते एका साध्या टेक्स्ट फाइलमुळे. मूव्हेबल टाइपच्या एक्स्पोर्टमध्ये (बाहेर काढलेल्या मजकुराच्या फाइलमध्ये) शीर्षक, लेखक, तारीख एकेका ओळीवर. पाच आडव्या रेघा आल्या की लेखाचा एक भाग संपला, आठ आल्या की लेख संपला. वर्डप्रेसचा इम्पोर्टर ती फाइल वाचायचा. फक्त लेखाचा क्रमांक तिच्यात नसे, आणि जुने पत्ते तर सहा अंकी क्रमांकावरच बनलेले. त्यामुळे मजकूर सुखरूप पोचला तरी इतरांनी दिलेल्या लिंका तुटायच्या. जाणकार मंडळी हा क्रमांक फाइलमध्ये घुसवण्यासाठी कोडमध्ये हात घालत आणि मग जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे ३०१ रीडायरेक्ट (वाचकाला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी कायमची सूचना) लावत.

मराठी संकेतस्थळांच्या वाट्याला याहून जास्त आलं. वर्डप्रेस मजकूर ठेवतं त्या मायएसक्यूएल डेटाबेसचा तेव्हा ठरलेला वर्णसंच, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, होता पश्चिम युरोपीय भाषांसाठीचा लॅटिन-१. वर्डप्रेस त्यात युनिकोड मजकूर भरायचं आणि तसाच वाचून दाखवायचं, म्हणून काही बिघडलंय हे कळतच नसे. संकेतस्थळ हलवताना डेटाबेसची प्रत काढली की रूपांतर व्हायचं आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाच्या जागी तीन निरर्थक चिन्हं उमटायची. वर्षानुवर्षांचं लेखन असं वाचण्यापलीकडे गेलेलं पाहून जीव तुटतो. वर्णसंच ठरवण्याची सोय वर्डप्रेसच्या २.२ आवृत्तीत, मे २००७ मध्ये, आली.

पत्त्याचं दुखणं मात्र अजून आहे. वर्डप्रेस लेखाच्या स्लगला (पत्त्यातल्या शीर्षकावरून बनलेल्या भागाला) २०० जागा देतं. देवनागरीचं एक चिन्ह त्यात साठवताना ९ जागा खातं. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगवेगळे मोजले जातात. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. ‘महाराष्ट्रातील’ या एकाच शब्दात १४ चिन्हं आहेत, म्हणजे १२६ जागा संपल्या. त्यामुळे मराठी शीर्षकाचा पत्ता मध्येच कापला जातो. नवीन सीएमएस तो असा कापत नाही, किंवा त्याचं रोमन लिप्यंतर करतो, आणि पत्ता बदलतो. म्हणून नव्या ठिकाणी शीर्षकावरून पत्ते पुन्हा बनवू देऊ नयेत. जुन्या डेटाबेसमधले कापलेले स्लग जसेच्या तसे काढून घ्यावेत आणि रीडायरेक्टची यादी त्यांच्यावरूनच करावी.