मनालीला गाडी नेताय? निघण्याआधी एवढं वाचा

डिसेंबर आला की गॅरेजमध्ये रोज ऐकू येतं, 'मनालीला चाललोय, सर्व्हिसिंग करून द्या.' करून देतोच. पण घाटात नि पावसात तयार झालेला आपला हात बर्फावर तसाच चालत नाही.

आधी रेडिएटर. कूलंट कमी झालं की आपल्याकडे सर्रास नळाचं पाणी ओततात आणि इथे ते खपूनही जातं. तिकडच्या थंडीत ते गोठतं, गोठताना साधारण 9 टक्के फुगतं आणि इंजिनचा ब्लॉकही फुटू शकतो. म्हणून पाणी काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरून घ्या. टायर गोटा झाले असतील, म्हणजे नक्षी झिजून गुळगुळीत झाले असतील, तर आम्ही सरळ 'जाऊ नका' म्हणतो. राग मानू नये.

बर्फावर घसरू नये म्हणून टायरवर चढवायच्या साखळ्या इंजिनाचा जोर जाणाऱ्या चाकांना लावतात : स्विफ्ट, एर्टिगाला पुढे, बोलेरोला मागे. उलट लावून निघणारे आम्ही पाहिलेत. इथेच एकदा लावून बघा. तिथे बधीर बोटांनी शिकणं कठीण.

मनालीपुढच्या रोहतांग खिंडीखालचा 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा 3 ऑक्टोबर 2020 रोजी सुरू झाल्यापासून हिवाळ्यातही पलीकडच्या लाहौल खोऱ्यात जाणं सोपं झालंय. बोगद्यात रस्ता कोरडा आणि बाहेर पडताच बर्फ, तिथेच गाड्या घसरतात. डिसेंबर 2024 मध्ये मनालीजवळचं सोलंग ते बोगदा या पट्ट्यात सुमारे हजार गाड्या अडकल्या होत्या. पोलिसांनी साखळीशिवाय पुढे जाऊ नका म्हटलं, तर हुज्जत न घालता स्थानिक चालकाची फोर बाय फोर (चारही चाकांना जोर मिळणारी गाडी) घ्या.

दुपारी वितळलेलं पाणी संध्याकाळी काचेसारखं गोठतं. रस्ता नुसता ओला दिसतो. सावलीतली वळणं आणि पूल यांवर खास लक्ष ठेवा आणि ऊन असेपर्यंत मुक्कामी पोहोचा. उतारावर पहिला-दुसरा गिअर, ब्रेक अगदी हलका. गाडी घसरलीच तर अॅक्सिलरेटर सोडा आणि जायचंय तिकडे स्टिअरिंग हळू वळवा. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, गोठून अडकतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावा.

आता सर्वात महत्त्वाचं. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या पर्यटकांपैकी 20 हून अधिक जण दगावले. त्यातले काही कार्बन मोनॉक्साइडने गेले. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं की धूर गाडीत शिरतो. या वायूला वास नाही, माणूस झोपेतच जातो. अडकलात तर आधी सायलेन्सरमागचा बर्फ उकरा. हीटरसाठी इंजिन थोडाच वेळ चालवा, काच बोटभर खाली ठेवा, सगळ्यांनी एकदम झोपू नका आणि गाडी सोडून चालत निघू नका. मदतीला 112. फावडं, टॉर्च, ब्लँकेट, पाणी, सुका खाऊ गाडीत हवाच. डिकीत नको, हाताशी.

गाडी किमान आठ दिवस आधी आणा. आदल्या रात्री आणलेल्या गाडीला आम्ही फक्त नारळ फोडू शकतो.