इमारत काढायला सरळ रेघ यावी लागते?

“माझी रेघच सरळ येत नाही, इमारती कुठून काढणार?” ठाण्यात तलावपाळीला स्केचबुक उघडून बसलं की मागे उभं राहून कुणीतरी हे बोलतंच. शाळेतल्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेतला भूमितीचा पेपर अजून अनेकांच्या मानगुटीवर बसलेला दिसतो.

रेघ थरथरल्यानं चित्र बिघडत नाही. बिघडतं ते कोन आणि प्रमाण चुकल्यानं. चुकीच्या कोनातली रेघ पट्टीनं मारली तर उलट जास्तच खुपते.

मोजायचं कसं? हात कोपरात न वाकवता पेन्सिल समोर उभी धरा, एक डोळा मिटा. टोक गच्चीच्या कडेला, अंगठ्याचं नख जमिनीला. ही उंची इमारतीच्या रुंदीत किती वेळा बसते ते बघा. हात जरा वाकला की माप गेलं. तिरकी कड असेल तर पेन्सिल तिच्यावर तशीच तिरकी धरायची आणि तो कोन कागदावर आणायचा.

मग नजरेची पातळी, म्हणजे आपल्या डोळ्यांच्या उंचीवरची आडवी रेषा. तिच्या वर असलेल्या सज्जांच्या कडा लांब जाताना खाली उतरतात, तिच्या खालच्या ओट्याची कड वर चढते. कट्ट्यावरून उठलात की ही पातळीच बदलते, त्यामुळे चहा आधीच पिऊन घ्यावा.

परस्पेक्टिव्हचे, म्हणजे लांब जाणाऱ्या गोष्टी कागदावर कशा दाखवायच्या याचे, नियम आधी पाठ हवेत, हा दुसरा गैरसमज. इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्की या वास्तुकारानं पंधराव्या शतकात ते सिद्ध करून दाखवले, तेही समोरची खरी इमारत रंगवूनच. आणि तलावपाळीजवळच्या कोपिनेश्वर मंदिराचं शिखर काढायचं असेल, तर पट्टी घरीच राहू द्या.