आठवण शाबूत, वागणं मात्र बिघडलेलं: एफटीडीमागचा इतिहास

डिमेन्शिया म्हटलं की आपल्याकडं एकच माहिती, विसरणं. त्यामुळं पन्नाशीतला माणूस, ज्याला ऊस कधी कारखान्याला गेला न् बिल किती आलं ते सगळं तोंडपाठ, तो तेराव्याच्या पंगतीत खदाखदा हसायला लागला, शेजारच्याच्या ताटातली बुंदी उचलायला लागला, बायको तापानं फणफणतीय तरी "जेवायला काय केलंय" एवढंच विचारायला लागला, तर परभणी-हिंगोलीकडं घरचे आधी म्हणणार बाहेरचं झालंय, नाहीतर म्हातारचळ, नाहीतर सरळ माजलाय. मग देवऋषी, मग मानसिक आजाराच्या गोळ्या, न् फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया म्हणजे एफटीडी (कपाळामागचा न् कानशिलाकडचा मेंदू सुकत जाणारा डिमेन्शिया; त्याच्या एका प्रकारात वागणं बिघडतं, दुसऱ्यात भाषा) हे नाव कानावर पडायला काही वर्षं जातात.

दुखणं नवीन नाही बरं का. १८९२ मध्ये प्रागच्या अर्नोल्ड पिकनी भाषा हरवत चाललेल्या ७१ वर्षांच्या पेशंटबद्दल लिहिलं, मेल्यावर मेंदू बघितला तर डाव्या कानशिलाकडचा भाग जास्त सुकलेला. १९११ ला अल्झायमरनी (हो, तेच) मायक्रोस्कोपखाली पेशींतले गोळे दाखवले. १९२६ ला 'पिकचा आजार' नाव पडलं आणि मग दुर्मिळ म्हणून सगळ्यांनी बाजूला ठेवलं, ते थेट १९८० च्या दशकात स्वीडनचं लुंड न् इंग्लंडचं मँचेस्टर इथल्या डॉक्टरांनी परत उकरून काढलं, १९९४ ला तो ओळखायचे निकष आले.

तरी एक कोडं होतंच, ठराविक भागच का सुकतो? इथं माझ्या मते खरी मजा आहे. १९९५ ला संशोधक भारत बिस्वाल यांनी स्कॅनवर दाखवलं की माणूस नुसता पडून असला तरी मेंदूतले हालचालीचे दोन्हीकडचे भाग एकाच तालात वर-खाली होतात, म्हणजे लांबलांबचे भाग जोडलेले असतात. २००७ ला मेंदूतज्ज्ञ विल्यम सीली न् सहकाऱ्यांनी अशा जोडलेल्या भागांचं एक जाळं, सेलियन्स नेटवर्क, मांडलं, समोर येणाऱ्या हजार गोष्टींतलं आत्ता महत्त्वाचं काय ते हेरणारं. २००९ ला दिसलं की एफटीडीच्या वागणं बिघडवणाऱ्या प्रकारात नेमकं हेच जाळं झिजतं. वरच्या माणसाला बायकोचं कण्हणं ऐकू येतं, पण "हे महत्त्वाचं" ही कळच आतून उठत नाही. २०१० ला आणखी एक निघालं, या प्रकारात सेलियन्सची जोडणी ढिली न् आठवणींशी जोडलेलं डिफॉल्ट मोड नेटवर्क हे दुसरं जाळं उलट घट्ट, अल्झायमरमध्ये बरोबर उलटं. कदाचित म्हणूनच ऊसबिल तोंडपाठ!

याच प्रकारासाठीच्या २०११ च्या निकषांत ताळतंत्र सुटणं, उदासीनता, सहानुभूती आटणं, तेच-ते करणं, गोडाची हाव, नियोजन कोलमडणं अशी सहा लक्षणं आहेत, त्यातली तीन असली की संशय घ्यायचा. आजार थांबवणारं औषध अजून नाही, अल्झायमरच्या डोनेपेझिलनं तर कधीकधी चिडचिड वाढते.

आणि जाळ्यांचे हे स्कॅन अजून संशोधनापुरतेच. संभाजीनगर असो की लातूर, सुरुवातीला एमआरआयही नॉर्मल येऊ शकतो, पेशंट स्वतः म्हणतो मला काय धाड भरलीय, तेव्हा डॉक्टरनी बायकोला वेगळं बसवून विचारावं लागतं, आणि ती सांगती, "माणूस असा नव्हता हो, दोन वर्षांपासून बघा कसा वागायलाय."