ग्लोबचा उजेड आणि २०१६ चा वाद: पार्श्वभूमी

शेक्सपियरचा जन्म, स्ट्रॅटफर्ड, हॅम्लेट-मॅकबेथ हे सगळ्यांना माहीत आहे म्हणून ते सोडून देतो. २०१६ साली लंडनच्या ग्लोबमध्ये (शेक्सपियरच्या थिएटरची आताची प्रतिकृती) नव्या डायरेक्टरने आधुनिक लाइट आणि साउंड आणला आणि बोर्डाने ती जाणार असं जाहीर केलं, त्याचा विषय निघाला की लोक लगेच 'परंपरा विरुद्ध नवीन' अशा दोन बाजू करतात, पण शेक्सपियरच्या काळात थिएटर चालायचं कसं हे बघितलं तर ते इतकं सरळ राहत नाही.

१५७६ मध्ये शहराच्या हद्दीबाहेर, शोरडिचला, सुतारकाम सोडून नट झालेल्या एका माणसाने थिएटर बांधलं. हद्दीबाहेर का, तर शहराच्या कारभाऱ्यांना नाटकं नकोच होती, गर्दी होते, प्लेग पसरतो म्हणून. जमीन २१ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. शेक्सपियरची मंडळी, म्हणजे त्याची नाटक कंपनी, इथे १५९४ पासून. पट्टा संपत आला तसं १५९६ मध्ये त्याच माणसाने ब्लॅकफ्रायर्समध्ये जुन्या मठातली छप्पर असलेली जागा ६०० पौंडांना घेतली, पण शेजारच्यांनी अर्ज केला की ढोल-ट्रंपेटचा आवाज होईल, नको ते लोक येतील, आणि त्या अर्जावर खुद्द कंपनीच्या आश्रयदात्याचीच सही होती! परवानगी मिळाली नाही. पैसे अडकले. मग १५९८ च्या डिसेंबरात, नाताळ होऊन तीन दिवस झाले होते, त्याच्या मुलांनी (तो स्वतः तोवर वारला होता) शोरडिचच्या थिएटरचं लाकूड उतरवायला सुरुवात केली, जमीनमालक गावाला गेलेला असताना, आणि तेच लाकूड नदीपलीकडे बँकसाइडला वापरून १५९९ मध्ये ग्लोब उभं राहिलं. मालक अर्थातच कोर्टात गेला.

पैसे नव्हते म्हणून अर्धी मालकी पाच नटांना दिली गेली, त्यात शेक्सपियर एक. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तेव्हा एका नाटकाचे लेखकाला साधारण ६ पौंड मिळायचे, त्यावर कोणी स्ट्रॅटफर्डमध्ये मोठी घरं घेत नाही. तो कंपनीचा आणि आता इमारतीचाही भागीदार होता, म्हणजे गल्ल्यात वाटा.

ग्लोबमध्ये खेळ दुपारी दोनच्या सुमाराला. एक पेनी देऊन अंगणात उभं राहायचं, दोन पेनीत गॅलरी. वर आकाश, ऊन नटावर तसंच प्रेक्षकावर. रात्रीचा प्रसंग असेल तर मशाल हातात घेऊन यायचं, प्रेक्षकाने समजून घ्यायचं. पण हे कायम असंच राहिलं नाही, आणि इथेच लोक घाई करतात. १६०८-०९ च्या सुमाराला ब्लॅकफ्रायर्सची ती जागा शेवटी कंपनीला वापरायला मिळाली, तिथे मेणबत्त्या. मेणबत्तीची वात मधेमधे कापावी लागते नाहीतर धूर होतो, म्हणून अंकांच्या मधे थांबायचं आणि तेवढ्यात संगीत वाजवायचं. तिकीट कमीत कमी सहा पेनी. उन्हाळ्यात ग्लोब, हिवाळ्यात ब्लॅकफ्रायर्स असं सुरू झालं. म्हणजे उजेड बदलला तसं यांनी नाटक करणं बदललं, तक्रार करत बसले नाहीत.

१६१३ मध्ये तोफेच्या ठिणगीने ग्लोबचं गवती छप्पर पेटलं, पुढच्या वर्षी कौलारू ग्लोब झालं, १६४२ ला सगळी थिएटरं बंद, थोड्याच वर्षांत पाडलंही.

आताचं ग्लोब एका अमेरिकन नटाच्या हट्टातून झालं. तो १९४९ मध्ये लंडनला आला तेव्हा जागेवर फक्त एक पाटी होती, त्याने १९७० मध्ये ट्रस्ट काढला, १९९३ मध्ये तो गेला आणि थिएटर उघडलं १९९७ मध्ये. न सुकवलेल्या, ओल्या ओकचं लाकूड, गवताचं छप्पर (१६६६ च्या आगीनंतर लंडनमधलं पहिलं, वर पाण्याचे स्प्रिंकलर), वीस बाजू. वीसच का यावर अजून वाद आहे, कारण १९८९ मध्ये मूळ पाया सापडला तो थोडासाच उकरता आला, वर जुनी संरक्षित घरं आहेत.

मग आली 'ओरिजिनल प्रॅक्टिसेस', म्हणजे मूळ काळातल्या पद्धती, ही भानगड. सुरुवातीच्या वर्षांत याचा अर्थ होता हाताने शिवलेले कपडे, त्या काळची वाद्यं, काही प्रयोगांत सगळी पात्रं पुरुषांनी करणं. प्रत्येक नाटक तसं कधीच नव्हतं. त्याच्यासोबत दुसरा शब्द 'शेअर्ड लाइट', म्हणजे नट आणि प्रेक्षक एकाच उजेडात. आता गंमत अशी की संध्याकाळचे खेळ तिथे फ्लडलाइटवरच होतात, दुपारसारखं वाटावं म्हणून सगळीकडे सारखा प्रकाश टाकतात. वीज होतीच. प्रश्न होता विजेने काय करायचं याचा.

२०१६ मध्ये नवीन आर्टिस्टिक डायरेक्टर आली, तिने लाइटचं रिगिंग (दिवे टांगायची व्यवस्था) लावलं, माइक आणले, निऑनही आणलं. तिकीटविक्री जोरात, नवीन प्रेक्षक आला, टीकाकारांत दोन तट. ऑक्टोबरमध्येच बोर्डाने जाहीर केलं की २०१८ मध्ये ती जाणार आणि त्यानंतर डिझाइन केलेला लाइट-साउंड बंद. पहिला सीझन जेमतेम झालेला!

बोर्डाच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. हॅम्लेट 'मी भेकड आहे का?' असं विचारतो तेव्हा समोरचे चेहरे दिसत असतील तर तो प्रश्न खरंच कोणाला तरी विचारला जातो, अंधारात तो हवेत जातो. ते सांभाळायलाच ती इमारत आहे. पण मग हे तिला नेमतानाच सांगायचं होतं, तिची आधीची कामं काही लपून नव्हती. आणि मुद्दा 'मूळ' असण्याचा असेल तर त्याच २०१६ मध्ये शोरडिचला कर्टन थिएटरचं उत्खनन झालं, जिथे ही मंडळी ग्लोबच्या आधी दोनेक वर्षं खेळत होती, आणि ते निघालं चौकोनी, आयताकृती. 'हेन्री पाचवा' नाटकात थिएटरला लाकडी 'ओ', म्हणजे गोल, म्हटलंय, तो 'ओ' कर्टनलाच उद्देशून असावा असं कितीतरी अभ्यासक मानत आले होते. मूळ काय हे दर खोदकामात बदलतंय, मग त्याच्या नावावर कोणाला घरी कसं पाठवता?

२०१२ चा ग्लोबमधला महोत्सव पण आठवायला हवा, शेक्सपियरची ३७ नाटकं ३७ भाषांत, त्यात हिंदी आणि गुजराती होतं, मराठी नव्हतं याची मला अजून चुटपुट आहे. तिथे बहुतेक मंडळी परक्या भाषेत बोलत होती आणि अंगणातल्या प्रेक्षकाला सगळं पोचत होतं, कारण उजेड एकच होता. म्हणजे शेअर्ड लाइटची ताकद खरी आहे, फक्त ती हुकूम काढून सिद्ध करायची गोष्ट नव्हती.

२०१८ मध्ये एक अभिनेत्रीच डायरेक्टर झाली आणि बाहेरच्या थिएटरात परत शेअर्ड लाइट आला. आवारातल्या आतल्या छोट्या थिएटरात, जे २०१४ मध्ये सुरू झालं, मेणबत्त्या लावून खेळ होतात.