अल्पाकांच्या फार्मवर बदके कशासाठी?

अमेरिकेच्या ओहायो राज्यात एखाद्या कुटुंबाने चालवलेल्या छोट्या अल्पाका-फार्मवर गेले की पाहुण्यांचे लक्ष आधी त्या लांब मानेच्या, कपाळावर झुलपे आलेल्या प्राण्यांकडे जाते. आवारात हिंडणारी बदके आणि गिनी फाऊल हे कोंबडीसारखे पक्षी निव्वळ शोभेचे वाटतात. प्रत्यक्षात अल्पाकांच्या जिवाशी त्यांचा जवळचा संबंध आहे.

अल्पाका हा उंटाच्या कुळातला प्राणी. सुमारे सहा-सात हजार वर्षांपूर्वी अँडीज पर्वतातल्या, साधारण ४,००० मीटर उंचीच्या पठारांवर माणसाने त्याला विकुन्या या रानटी प्राण्यापासून माणसाळवले. विरळ हवेतूनही प्राणवायू नीट ओढून घेणारे रक्त आणि थंडी अडवणारी लोकर ही त्या मुलखाची देणगी आहे. सगळा कळप ठरावीक जागीच लेंड्या टाकतो, हीदेखील त्याची जुनी सवय. त्यामुळे उरलेले कुरण स्वच्छ राहते आणि जंतांची अंडी चाऱ्याबरोबर पोटात जाण्याचा धोका घटतो. कुरणभर लेंड्या टाकत फिरणाऱ्या शेळ्या-मेंढ्यांच्या मालकाला हेवा वाटावा अशी ही शिस्त आहे.

परंतु पूर्व अमेरिकेत ही शिस्त एका जंताविरुद्ध अपुरी पडते. तो राहतो पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या मेंदूवरील आवरणात, आणि हरणाला त्याचा सहसा त्रास होत नाही. हरणाच्या लेंड्यांतून बाहेर पडलेल्या अळ्या गोगलगायींच्या अंगात शिरून वाढतात, आणि ओल्या गवताबरोबर अशी एखादी बारीक गोगलगाय अल्पाकाने खाल्ली की त्या त्याच्या मज्जारज्जूपर्यंत पोहोचतात. मग मागचे पाय लटपटू लागतात, आणि काही जनावरे पुन्हा उठतच नाहीत. अल्पाकाच्या शरीरात या जंताची पुढची पिढी सहसा तयार होत नाही, त्यामुळे लेंड्या तपासूनही रोग कळत नाही.

आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक औषध मज्जारज्जूत फारसे शिरत नाही. म्हणून अळ्या वाटेत असतानाच त्यांना गाठण्यासाठी अनेक फार्मवर दर महिन्याला त्याचे इंजेक्शन देतात. मात्र वारंवार दिल्याने पोटातले इतर जंत त्याला दाद देईनासे होतात. हरणे अडवणारे कुंपण, पाणथळ जागा टाळणे आणि गोगलगाय दिसताच मटकावणारी बदके व गिनी फाऊल यांचा आधार घ्यावा लागतो तो यामुळेच, अर्थात एकट्या बदकांच्या भरवशावर राहता येत नाही. सकाळी दाणा घालताना जाणता मालक जनावराच्या तोंडापेक्षा त्याच्या मागच्या पायांच्या चालीकडे अधिक बारकाईने पाहतो.