काढा आणि इम्युनोथेरपी एकच?

‘गुळवेलीचा काढा घ्या, प्रतिकारशक्ती वाढेल, इम्युनोथेरपी म्हणजे तरी दुसरं काय?’ तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांकडे असा मेसेज हमखास येतो. नावामुळे गैरसमज होणं साहजिकच. पण इम्युनोथेरपीत मुद्दा ब्रेकचा आहे. गाठीतल्या पेशी पीडी-एल१ हे प्रथिन पुढे करून आपल्या टी-पेशींचा (प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशींचा) ब्रेक दाबून धरतात. पेम्ब्रोलिझुमॅब, निवोलुमॅब ही शिरेतून दिली जाणारी औषधं तो सोडवतात. काढ्याने हे होत नाही. ही औषधं आपल्याला लागू पडतील का, याचा अंदाज घ्यायचा तर गाठीच्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये ‘सीपीएस’ पाहा. पीडी-एल१ किती, ते त्यावरून कळतं. कॅन्सर उलटला किंवा पसरला असेल आणि आकडा १ किंवा जास्त असेल तर नुसतं पेम्ब्रोलिझुमॅब देण्याचा विचार होतो. अर्थात, गुण सगळ्यांनाच येतो असं नाही. काढा चालू असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा: यकृताला सूज गुळवेलीनेही आलेली आहे, या औषधांनीही येते. मग नेमकी कशाने आली, हे शोधत बसावं लागतं.